केस येईपर्यंत

१८ जानेवारी

ताई,

आधी मशीन बंद कर, हातातला पडदा बाजूला ठेव, बस आणि मग पुढे वाच. मी डोक्यावर केस लावून घेतले.

टोप नाही, खरे केस. डोक्याच्या मागच्या बाजूला अजून थोडं पीक होतं, तिथले एकेक मुळासकट काढून पुढे रोवलेत. सकाळी मला पालथं झोपवलं ते संध्याकाळी सरळ बसवलं. सुई सोडली तर फारसं दुखलं नाही, पण गवत उपटल्यासारखा करकर आवाज दिवसभर कवटीत ऐकू येत होता. डॉक्टरबाई आणि त्यांच्या दोन मदतनीस बायका माझ्या डोक्यावर वाकून घरभाडं किती वाढलंय यावर तावातावानं बोलत होत्या. मी मधेच माझं भाडं सांगितलं, तर म्हणाल्या, डोकं हलवू नका.

तिसऱ्या दिवशी कपाळाची सूज डोळ्यांवर उतरली. आरशात बघितलं आणि ओरडलोच, वाटलं घरात कोणीतरी शिरलंय. तीन उशांना टेकून बसल्यासारखं झोपायचं, कुशीवर वळायचं नाही, वाकायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून शिंकायची आणि सारखा मिठाच्या पाण्याचा फवारा मारायचा. खपल्या धरल्यात. दुकानातून रजा घेतलीय, कारण चष्म्याच्या दुकानात चारही भिंतींना आरसे असतात आणि गिऱ्हाईक नवा चष्मा घालून सगळ्यात आधी मागे उभ्या असलेल्या मला बघतं.

खरा निकाल वर्षभरानं दिसतो म्हणे. मी तीनदा विचारलं, लवकर नाही का होणार? डॉक्टरबाई म्हणाल्या, केसांना घाई कळत नाही.

का केलं ते विचारू नकोस. दुकानात जरा बरं दिसावं, एवढंच समज. फोन केला असता, पण तुझ्या कानातलं यंत्र फोन लागला की शिट्ट्या मारतं, आणि मोबाइलवर लिहिलं तर तू नुसता अंगठा पाठवतेस. कोणाला सांगू नकोस.

तुझा
बारक्या

२९ जानेवारी

बारक्या,

पत्र दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. हसावं की रडावं तेच कळेना. चव्वेचाळीस वर्षांचा घोडा झालास, एकटा राहतोस, आणि आता डोक्यावर शेती करायची सुचली? कोण आहे ती? चष्म्याचा नंबर काढायला आली आणि तुझाच नंबर लागला का? मला खरं सांग, मी रागावणार नाही. मुलगी चांगली असेल तर टकलासकट पसंत करते.

आणि टकलाची लाज कसली? ते आपल्या घराण्याचं लेणं आहे. तू लहान होतास, तुला आठवणार नाही. बाबा मला खांद्यावर बसवायचे आणि मी त्यांच्या टकलावर तबला वाजवायचे. मऊ, गरम टक्कल होतं. एवढंच तर उरलंय त्यांचं माझ्याजवळ, घरात साधा फोटो नाही.

आई कशी आहे? तुझं सुजलेलं तोंड तिला दाखवून घाबरवू नकोस म्हणजे झालं. तिचं विसरणं वाढलंय का? तू दोन गल्ल्या सोडून आहेस म्हणून मी इथे निवांत झोपते.

ताई

२० फेब्रुवारी

ताई,

सगळे गळले.

आंघोळ करून डोकं टिपलं तर टॉवेलवर केस. उशीवर केस, चहाच्या कपात केस. लावलेले तर गेलेच, पण आधीचे जे चार निष्ठावान होते तेही त्यांच्या मागोमाग गेले. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. तसाच दवाखान्यात धावलो, टॉवेल पिशवीत घालून घेऊन गेलो पुरावा म्हणून. डॉक्टरबाईंनी टॉवेलकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, हे होणारच होतं, मुळांना धक्का बसतो, वरचा केस पडतो, मूळ आत जिवंत राहतं, तीन-चार महिन्यांनी नवा फुटतो. मी म्हटलं, आणि नाही फुटला तर? म्हणाल्या, थांबायला शिका.

ताई, थांबायला वेळ असेल तो थांबेल.

दुकानात जातो, हसतो, लोकांच्या नाकावर चष्मे बसवतो. प्रत्येक आरशात एक टकल्या माझ्याकडे बघत असतो. ती कोणी नाही. कोणी मुलगीबिलगी नाही.

आई बरी आहे.

बारक्या

८ मार्च

बारक्या,

आई बरी आहे हे तुला कोणी सांगितलं? आईजवळ राहणाऱ्या मावशींचा मला निरोप आलाय. नवीन वर्ष लागल्यापासून तू आईच्या घरात पाऊल ठेवलेलं नाहीस. जिन्यातच मावशींच्या हातात औषधं आणि सामान देतोस आणि उलट्या पावली पळतोस. मी तो निरोप चारचौघींत वाचला. पडद्यांच्या कारखान्यातल्या बायका विचारायला लागल्या, घरी काही झालं का, तोंड असं का पांढरं पडलं?

केसानं गळा कापल्याचं ऐकलं होतं. केसांपायी आईला टाकल्याचं पहिल्यांदाच ऐकते. सुजलेलं तोंड, खपल्या, टक्कल, काय वाट्टेल ते असो, ती आई आहे. तिला तुझ्या डोक्याशी काय करायचंय? उद्या ती आपल्या दोघांनाही विसरेल, मग तुझा भांग कोण बघणार आहे?

मी रागावलेय आणि ते तुला कळू दे.

ताई

१५ मार्च

ताई,

तिला माझ्या डोक्याशीच करायचंय. आता लिहितोच. हे तुला कधी सांगायचं नाही असं ठरवलं होतं.

गेल्या वर्षी उरलेसुरले केस विचित्र दिसायला लागले म्हणून मी मशीन फिरवून सगळं साफ केलं. त्याच आठवड्यात नेहमीसारखा आईकडे गेलो. तोवर ती दिवस विसरायची, गॅस विसरायची, पण मला कधी विसरली नव्हती. तिनं दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि भिंतीला टेकली. म्हणाली, "अहो."

ताई, मला. आईनं मला अहो म्हटलं.

मी आधी हसलो. म्हटलं, अगं आई, मी बारक्या. तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाली, "हळू बोला. मी पोरांना सांगितलंय तुम्ही वारलात म्हणून. रडून मोकळी झालीत ती. ती शाळेतून यायच्या आत निघा, परत तोंड दाखवू नका." आणि दोन्ही हात माझ्या छातीवर ठेवून मला दाराबाहेर ढकललं. केवढी ताकद होती तिच्या हातांत.

मी जिन्यात बसून राहिलो. पायाखालची वाळू सरकणं काय असतं ते मला तिथे कळलं.

दुसऱ्या दिवशी गेलो, तेच. उरलेसुरले परत थोडे वाढवून गेलो, तरी तेच. टोपी घालून गेलो, तर म्हणाली, तोंड लपवून फसवता होय? टोप आणून लावून गेलो. ती जवळ आली, टोप तिच्या हातात आला, आणि ती अशी किंचाळली की शेजारची माणसं बाहेर आली. मी येऊन गेलो की ती जेवायची नाही, दाराला पाठ लावून बसायची, पोरं आली का म्हणून विचारत राहायची. शेवटी मावशीच हात जोडून म्हणाल्या, साहेब, थोडे दिवस येऊ नका.

केस होते तेव्हा ती मला ओळखायची. एवढंच माझं गणित आहे. केस आले की मी परत तिचा मुलगा होईन. पण ते यायला वर्ष लागणार आणि तिच्याकडे तेवढं वर्ष आहे की नाही कोणाला ठाऊक.

तुला का नाही सांगितलं? कारण तू अजून त्या टकलावर तबला वाजवतेस.

बारक्या

२१ मार्च

बारक्या,

हे खोटं आहे.

आईचं डोकं ठिकाणावर नाही आणि तिच्या बरळण्याला तू खरं धरून बसलास? बाबा वारले. मी नऊ वर्षांची होते, तू चार. मला सगळं नीट आठवतं. आई शाळेत आली, मला वर्गातून बाहेर बोलावलं आणि पायऱ्यांवर बसवून सांगितलं. मी तिच्या पदरात तोंड खुपसून रडले. मग आम्ही घरी आलो. घरी

घरी कोणी नव्हतं. आत्ता लिहितालिहिता लक्षात येतंय. माणसं जमली नव्हती, आजारपण नव्हतं, बाबांचं अंथरूण नव्हतं. मी त्यांना गेलेलं बघितलंच नाही. एवढ्या वर्षांत मी हे कोणाला विचारलं कसं नाही?

सुट्टी टाकून आत्याकडे जाते. ती बाबांची सख्खी बहीण, तिला माहीत असेल. तू कोणाशी काही बोलू नकोस.

ताई

१४ एप्रिल

बारक्या,

आत्यानं दार लावून घेतलं, मला पाणी दिलं आणि म्हणाली, "कळलं ना शेवटी?" मी काही विचारायच्या आधीच.

बाबा वारले नव्हते. दुसरीकडे संसार मांडला होता. परदेशात नाही, बोटीवर नाही. बसनं तासाभरावर, एका गावात घड्याळं दुरुस्त करत होते. मी शाळेच्या सहलीला त्या गावात गेलेय, बारक्या. त्यांच्या दुकानावरूनही गेले असेन. आईनं आत्याला शपथ घातली होती. म्हणाली होती, मेलेल्या माणसासाठी पोरं एकदाच रडतात, सोडून गेलेल्याची रोज वाट बघतात.

आणि ऐक. ते एकदा परत आले होते. गेल्यावर वर्षभरानं, दुपारच्या वेळी. आईनं त्यांना दारातूनच घालवलं, आपण शाळेतून यायच्या आत. ते परत कधी आले नाहीत. अकरा वर्षांपूर्वी वारले, खरोखरचे. आत्या जाऊन आली होती.

म्हणजे आई बरळत नाहीये. ती एकच दुपार तिला परत परत येते आणि त्या दुपारी दारात तू उभा असतोस.

मी इथे दोन दिवस कामावर गेले नाही. आता मला कोणाचा राग आलाय तेच कळत नाही. एकाच माणसासाठी दोनदा कसं रडायचं?

तू ते केस कधी येतील ते सांग. डॉक्टरबाईंना विचार, काही तेलबिल लावून लवकर फुटतात का. तुला घोडा म्हटलं ते मागे घेते.

ताई

१० जून

ताई,

तू येऊन गेलीस आणि घर रिकामं वाटायला लागलं. आईनं तुला पडद्यांचं माप घ्यायला आलेली बाई समजून सगळ्या खिडक्या दाखवल्या, आणि तू खरंच पर्समधून टेप काढून मापं घेतलीस, हे मावशी अजून सगळ्यांना सांगतात. मी हसतो. तू जिन्यात येऊन माझ्यासमोर कशी रडलीस ते त्यांना माहीत नाही.

माझ्या डोक्याला तू उंदरानं कुरतडलेला ब्रश म्हणालीस ते मनाला लावून घेतलेलं नाही. आता पुढच्या बाजूला बारीक, वाकडे, रंग न ठरलेले केस फुटलेत. मधे पुटकुळ्या आल्या होत्या. मी घाबरून पळालो, तर डॉक्टरबाई खूश. म्हणाल्या, केस बाहेर यायची धडपड करतायत. पहिल्यांदाच त्यांच्याशी एकमत झालं, कारण धडपड मला कळते.

पण मावशी म्हणतात, आई आता चमचा हातात धरून विचारते, याचं काय करायचं? ताई, मला रोज हीच भीती वाटते. केस यायच्या आत ती सगळंच विसरली तर मी हे डोकं कोणाला दाखवू? संध्याकाळी दुकान बंद करून तिच्या घरासमोर रस्त्यापलीकडे उभा राहतो. ती खिडकीत येते, खाली बघते, आत जाते.

बारक्या

२५ जुलै

बारक्या,

फोटो मिळाला. चांगले दिसतायत रे! भांग पाडता येईल असं वाटतं. मी तो फोटो कारखान्यात दाखवला (डोक्यापुरता कापून), सगळ्यांचं म्हणणं पडलं की अजून महिनाभर थांबावं. इथे तुझ्या केसांची वाट बघणाऱ्या नऊ बायका आहेत, तुला आयुष्यात एवढी मागणी कधी नव्हती.

मी उंटावरून शेळ्या हाकतेय हे मला कळतं. पण अर्ध्या केसांनी जाऊ नकोस. तिनं परत ढकललं तर तुला सोसणार नाही. आणि मलाही.

ताई

९ सप्टेंबर

ताई,

काल गेलो. शर्ट इस्त्रीचा, भांग डावीकडे, चाळिशीच्या आत पाडायचो तसा. बेल वाजवली. मावशींना आधी सांगून ठेवलं होतं, त्या तिच्या मागे उभ्या होत्या.

दार उघडलं. आईनं वर बघितलं. म्हणाली, "बारक्या, किती वाळलास रे."

मी तिथेच, उंबऱ्यावर, लहान मुलासारखा रडलो. मावशीही रडल्या. आईला कळेना आम्हाला काय झालंय. तिनं मला हाताला धरून आत नेलं, चहा करायला लावला, स्वतः पावाला लोणी लावायला घेतलं आणि मधेच सुरी कशाला ते विसरली. मी लावून दिलं. तिनं ते मला भरवलं. आठ महिने मी याच घासासाठी थांबलो होतो.

हे पत्र इथे संपायला हवं होतं.

मावशी कपडे वाळत घालायला गेल्या तेव्हा आई जवळ सरकली. माझं मनगट घट्ट धरलं. म्हणाली, "तू रागावू नकोस. मी तुम्हाला खोटं सांगितलं. तुमचे बाबा वारले नव्हते. रोज येत होते दारात. मी घालवून देत होते तरी येत होते. टोपी घालून आले, केस लावून आले, काय काय करून आले. आता येत नाहीत. किती दिवस झाले, येतच नाहीत." मग माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. "घालवलं म्हणून कायमचं जायचं का रे? मला वाटलं, परत येतील. परत आले की आत घेईन. खरंच वारले का रे ते?"

ताई, ती त्यांची वाट बघत होती. तेव्हा, त्या दुपारनंतरही, सगळी वर्षं. आणि गेल्या वर्षी ते रोज येत होते, कारण मी जात होतो. मी केस लावून घेतले आणि तिच्या दारातून बाबा गेले.

ती म्हणत होती, "सांग ना, वारले का?" मी म्हटलं, नाही आई, येतील. तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "कधी?"

आता मी काय करू?

बारक्या

१६ सप्टेंबर

बारक्या,

काय करायचं ते तुलाही कळलंय, माझ्याकडून फक्त वदवून घेतोयस.

डॉक्टरबाईंना विचार, साफ केले तर परत येतात का. येत असतील तर जा. येत नसतील तरी जा.

मी बाबांवर अजून चिडलेय. मेलेल्या माणसावर चिडून काही होत नाही, तरी चिडलेय. पण आईनं एवढी वर्षं दार बंद ठेवून मनातून उघडं ठेवलं होतं हे वाचलं आणि मला मशीनवर बसवेना. तिला त्यांना एकदा आत घेऊ दे. तिनं विचारलं का गेलात, तर तोंडाला येईल ते सांग, फक्त तिचं काही चुकलं होतं असं म्हणू नकोस.

ताई

२३ सप्टेंबर

ताई,

डॉक्टरबाई म्हणाल्या, मुळं पक्की आहेत, परत येतील, पण माणसानं असं का करावं? मी म्हटलं, घरचं काम आहे.

न्हाव्यानं मशीन हातात घेऊन तीनदा विचारलं. चौथ्यांदा म्हणाला, एवढे सुंदर केस, मी पाप करणार नाही. मग मीच त्याच्या हातातून मशीन घेतली आणि मधोमध एक पट्टा काढला, तेव्हा कुठे तो तयार झाला. जाहिरातीत लोक टकलाचे केस होताना बघतात, त्यानं उलटं बघितलं.

जिन्यात उभा राहून वाक्यं घोकली. बाबा कसे बोलायचे ते मला ठाऊक नाही, मी चार वर्षांचा होतो. चुकलो असं म्हणायचं ठरवलं होतं. तुला आणि पोरांना सोडून जायला नको होतं, असं. ताई, ते घोकतानाच मला त्यांचा एवढा राग आला की कठड्याला धरून थांबावं लागलं. मग बेल वाजवली.

आईनं दार उघडलं. मी हात जोडून उभा राहिलो. ढकललं तरी हलायचं नाही असं ठरवून पाय घट्ट रोवले होते. ती बघत राहिली. मी घोकलेलं पहिलं वाक्य म्हणायला तोंड उघडलं.

म्हणाली, "बारक्या, केसांचं काय केलंस?"

मला ओळखलं, ताई. टकलासकट. एवढं रोवणं, गळणं, आठ महिने जिन्यातून परत फिरणं, आणि ती मला सरळ नावानं विचारतेय, केसांचं काय केलंस. मागे मावशी तोंडावर हात ठेवून उभ्या होत्या. काहीतरी बोललो, उकडत होतं म्हणून काढले, असं.

तिनं मला खाली वाकायला सांगितलं. दोन्ही हात माझ्या डोक्यावर ठेवले, त्याच हातांनी तिनं मला ढकललं होतं. हळूहळू फिरवत राहिली. तिच्याकडे कोणी यायचं आहे का, कोणाची वाट बघतेय का, काही विचारायचा मला धीर झाला नाही. तिनंही काही विचारलं नाही. नुसती हसली, लाजल्यासारखी, आणि म्हणाली, "थेट त्यांच्यासारखा दिसतोस."

बारक्या